एक्केचाळीस नंबरचा सांधा

फक्रुद्दीन उस्तादांना भजी खायला बोलावलं की ते स्वयंपाकघराच्या दारातच बसायचे. खायची घाई म्हणून नव्हे. कढईकडं पाठ करून, गुडघा मुडपून बसायचे आणि तिथनंच सांगायचे, "शालन, तेल जरा जास्त तापलंय. हां, आता बराबर झालं. आता उलट." मी झारा घालून बघावं तर भजी खरंच उलटायला झालेली. त्यांची बायको बिबीजान म्हणायची, "आमच्या घरात बी हेच. कालवणात मीठ हाय का न्हाय ते ह्या माणसाला कळत न्हाय, पण चुलीवर काय करपाय लागलंय ते गल्लीच्या तोंडाला उभं राहून सांगतोय."

उस्ताद वेल्डर होते. आता जागोजागी खिडक्यांच्या जाळ्या जोडणारी दुकानं झालीत, तसले नव्हे. बॉयलरचे वेल्डर. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये पाण्याच्या नळ्या असतात, शेकड्यांनी. खाली जाळ, नळीत पाणी, पाण्याची वाफ, आणि त्या वाफेवर सगळा कारखाना चालतो. त्या नळ्यांचे सांधे जोडायचे ते उस्तादांनी. एक सांधा फुटला तर समोरचा माणूस उकडून निघतो. म्हणून हे काम कुणी ऐऱ्यागैऱ्यानं करायचं नाही, सरकारनं परीक्षा घेऊन कागद दिलेल्यानंच करायचं. उस्तादांकडं तो कागद बासष्ट सालापासून होता.

आम्ही राजारामपुरीच्या मागच्या अंगाला राहायचो. एका भिंतीला लागून दोन बिऱ्हाडं, एक त्यांचं आणि एक आमचं. नळ दोघांत एक. उद्यमनगरातलं वर्कशॉप तिथनं दहा मिनिटांच्या चालीवर. आमचे मालकही तिथंच उस्तादांच्या हाताखाली होते. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती म्हणून मी 'हे' म्हणते, बाकी सगळे कृष्णात म्हणायचे. अकरा वर्षं ह्यांनी उस्तादांपाशी काढली होती. वेल्डिंग येत होतं, चांगलं येत होतं, पण कागद नव्हता. परीक्षेला पुढच्या साली बसायचं, असं दर साली ठरायचं.

कागदाबरोबर प्रत्येक वेल्डरला एक नंबर मिळायचा. पोलादाची बोटभर कांडी, टोकाला आकडा कोरलेला. सांधा पुरा झाला की शेजारी ती कांडी धरायची आणि हातोडीचा एक घाव घालायचा, नंबर लोखंडात उमटायचा. मग पंधरा वर्षांनी जरी सांधा गळला तरी तो कुणाचा हे विचारायला नको. उस्तादांचा नंबर एक्केचाळीस. ती कांडी ते खिशात ठेवायचे, चष्म्याच्या घरात. चष्मा कधी घालायचे नाहीत, घर मात्र जपायचे.

आता हा कागद एकदा मिळाला म्हणजे जन्माचा मिळाला असं नाही. दर दोन वर्षांनी तो साहेबापुढं न्यायचा. माणूस पूर्वीसारखा काम करतोय का, त्याच्या हाताची सवय मोडली तर नाही ना, ह्याची खात्री करूनच साहेब पुढची दोन वर्षं लिहून द्यायचा. त्यासाठी एक वही असायची. कोणत्या महिन्यात कुठं किती सांधे केले ते लिहायचं, खाली सुपरवायझरची सही. वहीत खाडा नसला आणि कुठल्या सांध्याची तक्रार नसली तर साहेब वहीवरच शिक्का मारायचा. खाडा पडला किंवा तक्रार आली, की पुन्हा पहिल्यापासून परीक्षा. मला हे आधी मोठं नवल वाटायचं. मी उस्तादांना म्हटलंही होतं, "भाई, मला कुणी दोन वर्षांनी विचारत न्हाय, भाकरी अजून येतीया का म्हणून." त्यावर ते म्हणाले, "तुजी रोजच परीक्षा हाय की गं. कृष्णात बसलाय न्हवं ताटावर."

चौऱ्याहत्तर साली उस्तादांचं वय छप्पन्न होतं, आणि त्यांच्या डोळ्यांवर जाळी यायला लागली होती.

हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. ह्यांना कामावर कळलं आणि मला नळावर. उस्ताद घागर भरायला लावायचे आणि पाणी वरून सांडायच्या आत, आवाजावरनंच नळ बंद करायचे. घागरीत वाकून बघायचे नाहीत. एकदा मी मुद्दाम दुसरी घागर आडवी ठेवली तर तिला पाय लागून पडता पडता राहिले. मी ती घागर उचलून कडेला ठेवली. पण काम? कामात तसूभर फरक नव्हता. त्यांनी जोडलेला सांधा मी एकदा बघितलाय. करंजीच्या कडेला मुरड घालतात ना, तशी एकसारखी मुरड नळीभोवती फिरलेली. ह्यांनी त्यांना एकदा विचारलं, "उस्ताद, दिसतंय कसं तुम्हांला?" तर म्हणाले, "सुरुवात कुठनं करायची तेवढं दिसलं म्हंजे झालं. फुडं कान हाय की. वेल्डिंगची सळी बराबर वितळून पळाय लागली की भजी तळल्यागत आवाज येतोय. आवाज फाटला की हात चुकला म्हणून समजायचं." कारखाने बंद असतात तेव्हाच बॉयलरची कामं निघतात, त्यामुळं तिथं सामसूम. कानाला सगळं ऐकू यायचं.

त्या पावसाळ्यात बिबीजानच्या पोटात गाठ निघाली. मिरजेच्या दवाखान्यात नेली, ऑपरेशन झालं, जखम भरेना. सात आठवडे ती तिथं पडून होती. पोरी लग्न होऊन गेलेल्या, एक हुबळीला, एक बेळगावला. बघायला उस्तादांशिवाय कोण? त्यातल्या त्यात बरं एवढंच, की वर्कशॉपचं काम तेव्हा जयसिंगपूरच्या बाजूच्या एका कारखान्यावर चाललं होतं. जयसिंगपुराहून मिरज जवळ.

पण वहीचं काय? सात आठवडे म्हणजे खाडाच. आणि वहीची तारीख संक्रांतीच्या आसपास भरणार होती. पुन्हा परीक्षा म्हणजे साहेब डोळे बघणार.

ह्यातनं वाट काढली ती आमच्याच उंबऱ्यावर बसून. सुपरवायझर आकाराम आला होता, हे होते, उस्ताद होते. मी चहा गाळत होते. आकाराम म्हणाला, "सकाळी या, तोंड दाखवा, मिरजंला जावा. कृष्णातचा हात काय येगळा हाय व्हय? सांधा त्यो करंल, नंबर तुमचा ठोकंल."

उस्ताद म्हणाले, "नंबर दुसऱ्याच्या हातात देत न्हाईत, आकाराम."

"दुसरा कोण हितं? अकरा सालं तुमीच शिकवलायसा."

तेव्हा मीच बोलले. अजून आठवतं, गाळणी हातात होती. म्हटलं, "भाई, बोटभर लोखंड ते. कुणी ठोकलं म्हणून त्याला काय कळतंय? तिकडं बिबी एकटी पडलीया."

त्यांनी चष्म्याचं घर खिशातनं काढलं आणि ह्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हणाले, "फक्त बिबीला बोलू नका. ती म्हणंल माझ्यापायी झालं, आणि तशीच उठून घरला यील."

सात आठवडे असं चाललं. ह्यांना तर सोन्याहून पिवळं झालं होतं. घरी आले की हाताची बोटं मोजून सांगायचे, आज बारा केले, आज चौदा केले. कागद नसलेल्या माणसाला बॉयलरचा सांधा करायला मिळणं म्हणजे काय, ते मला त्यांच्या तोंडावरनं कळायचं. उस्तादांच्या उपयोगी पडतोय असं ह्यांना वाटायचं आणि पोराचा हात बसतोय असं उस्तादांना. दोघांचंही खरंच होतं.

त्यातच एक दिवस कागलला माझ्या भावाच्या घरी बारसं होतं. मी ह्यांना सकाळीच बजावलं, चारच्या यष्टीला उभे राहा, उशीर केलासा तर मी जन्मात बोलायची नाही. त्या दिवशी ह्यांचा एक सांधा राहिला होता, नळीच्या मागच्या बाजूचा. तिथं नुसतं बघून काम होत नाही, पलीकडं आरसा लावावा लागतो. आरशात सगळं उलटं दिसतं, म्हणून दमानं घ्यावं लागतं. ह्यांनी घड्याळ बघितलं, सांधा पुरा केला, नंबर ठोकला आणि चारची यष्टी पकडली. बारशाला वेळेवर आले. घुगऱ्या खाल्ल्या. मी भावजयीसमोर केवढा मान मिरवला.

दिवाळीआधी बॉयलर पुरा झाला. जाळ घालायच्या आधी नळ्यांत थंड पाणी भरून दाब देतात, कुठं गळतं का बघायला. सरकारी बॉयलरसाहेब समोर उभा असतो. शेकड्यांनी सांधे, सगळे कोरडे. एकाला मात्र घाम फुटला. मागच्या बाजूचा, आरशातला. साहेबानं हात घालून चाचपलं, बॅटरी धरली आणि नंबर वाचला. एक्केचाळीस.

कुणाला इजा झाली नाही. सांधा कापून काढला, उस्तादांनी स्वतः पुन्हा केला, तो कोरडा राहिला. पण साहेबाच्या टिपणात नंबर गेला तो गेलाच. आठ दिवसांनी पत्र आलं, एक्केचाळीस नंबरच्या वेल्डरचा कागद नुसत्या वहीवर पुढं चालू करता येणार नाही, सांधा करून दाखवावा लागेल.

हे त्या दिवशी जेवले नाहीत. उठले आणि शेजारी गेले, मी मागनं गेले. बिबीजान दवाखान्यातनं आली होती, पण नळावर होती. हे म्हणाले, "उस्ताद, मी शेठला सांगतो. सांधा माझा हाय."

"आणि नंबर?"

"नंबर मी ठोकला म्हणून सांगतो."

"कुणी दिला म्हणशील?"

हे तिथंच उंबऱ्यावर टेकले.

उस्ताद म्हणाले, "गळलेला सांधा माफ हाय रे. माणसाचा हात हाय, एखादा गळतोय. दुसऱ्याच्या हातात दिलेला नंबर माफ न्हाई. माझा कागद फाडतील आणि तुला परीक्षेला उभा करायचे न्हाईत. आकारामची नोकरी जाईल. येका सांध्याला तीन माणसं. त्यापरीस मी करून दाखवतो की. बासष्टला केला, आता करत न्हाई व्हय?"

"पर डोळं?"

"डोळ्यानं कुठं करतोय मी!" ते हसले. तेवढ्यात बिबीजान घागर घेऊन आत आली आणि म्हणाली, "काय रं कृष्णात, तोंड का पाडलंयस? परीक्षा ह्येंची हाय, तुजी न्हाई."

दहा दिवस सराव झाला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपमधली यंत्रं बंद असायची, तेव्हा भंगारातली नळी बांधून उस्ताद सांधा करायचे. हे तो कापायचे, वाकवून बघायचे. दहाच्या दहा सांधे पास. ह्यांचं जेवण परत सुरू झालं. परीक्षा वर्कशॉपमध्येच होती, तीही सोमवारी ठेवलेली. सोमवारी आसपास सगळीकडं सुट्टी असायची. उस्ताद म्हणाले, "अल्लानं वार बी बघून दिलाय."

सोमवारी साहेब आला नाही. सांगलीला काम निघालं, निरोप आला, उद्या येतो.

उद्या म्हणजे मंगळवार. आणि मंगळवारी शेजारच्या फौंड्रीत भट्टी लागायची.

उद्यमनगर ज्यांना ठाऊक आहे त्यांना भट्टीचा दिवस सांगायला नको. छोट्या फौंड्रीत रोज लोखंड वितळवत नाहीत. आठवडाभर साचे करून ठेवायचे आणि एका दिवशी भट्टी लावून सगळे ओतायचे. भट्टीत वारा घालायला एक पंखा असतो, बैलगाडीच्या चाकाएवढा. तो सुरू झाला की बोललेलं ऐकू येत नाही, भांडण करायचं असलं तरी खुणांनी करावं लागतं. आणि ती भिंत वर्कशॉपच्या भिंतीला लागून.

मी डबा घेऊन गेले तेव्हा अकरा वाजून गेले होते. साहेब आत स्टुलावर बसला होता. पातळ अंगाचा, केस विंचरलेला, मोठा सभ्य माणूस. नळी लोखंडी खांबाला पक्की बांधलेली, ती फिरवायची नाही, आपण भोवती फिरायचं. वरचा भाग उभ्यानं करायचा, खालचा मान वर करून. उस्तादांनी वरचा भाग शांततेत उरकला होता. खाली बसले, वेल्डिंगची काळी काच तोंडासमोर धरली, सळी लावली, आणि पंखा सुरू झाला.

मी दारातनं बघत होते. त्यांनी सळी उचलली. काच खाली घेतली. मान जरा तिरपी केली, जशी आमच्या दारात बसून करायचे तशी. पुन्हा काच धरली. पुन्हा उचलली.

साहेब मोठ्यानं ओरडला, "काय झालं?"

"काय न्हाई, साहेब."

हे बाहेर आले. तोंड चुन्यासारखं. मला म्हणाले, "पंखा." एवढंच. मला कळलं.

मी डबा तिथंच ठेवला आणि फौंड्रीत गेले. अण्णासो मिस्त्री भट्टीपुढं उभे होते, लाल लाल झालेले. आमच्या ओळखीचे, गणपतीला घरी येणारे. मी त्यांच्या कानापाशी जाऊन ओरडले, "अण्णा, घटकाभर पंखा बंद करा की!"

"आँ?"

"पंखा! पंखा बंद करा!"

"का? कुणी मेलं काय?"

"भाईंची परीक्षा हाय!"

"मग पंख्यानं काय त्यांचं घोडं मारलंय? डोळ्यानं करायचं काम ते!"

आता काय सांगायचं? डोळ्यानं करत नाहीत, हे भर फौंड्रीत ओरडून सांगायचं? मी नुसतं हात जोडले. अण्णासोंना काही कळलं नाही, पण मी हात जोडलेत एवढं कळलं. ते मला बाजूला घेऊन गेले. म्हणाले, "वैनी, तुमच्यासाठनं मी जीव देईन, पर पंखा न्हाई बंद करता येत. आत लोखंड पातळ व्हायला लागलंय. वारा थांबला की गोठतंय. गोठलं की भट्टी फोडून काढावी लागती. मालक मलाच आत घालंल."

"मग कवा सरंल?"

"चार वाजतील."

परत आले. हे साहेबाला म्हणत होते, "साहेब, जेवून घेता का आधी? सावकाश चारला करू." साहेब म्हणाला, तीनच्या गाडीनं मला पुण्याला जायचंय. मग त्यानंच उस्तादांकडं बघितलं. वाईट माणूस नव्हताच तो. जवळ येऊन विचारलं, "उस्ताद, तुम्हांला ह्या आवाजाचा त्रास होतोय का? तसं असेल तर सांगा."

मला वाटलं, सांगा, सांगून टाका. पण सांगितलं तर साहेबाचा पुढचा प्रश्न काय असणार ते आम्हा तिघांनाही दिसत होतं. वेल्डिंगला आवाजाचं काय?

उस्ताद हसले. म्हणाले, "आवाजाचं काय साहेब. लोहाराच्या घरातला माणूस मी."

आणि त्यांनी खालचा भाग केला. मला एवढंच दिसलं, की नेहमी त्यांचा हात चालायचा तसा तो चालत नव्हता. मधेच थांबत होता, काळोखात जिन्याची पायरी शोधावी तसा.

सांधा थंड झाला. साहेबाबरोबर आलेल्या सरकारी माणसानं त्याच्या चार पट्ट्या कापल्या. पट्टी चिमट्यात धरून वाकवायची, पार घोड्याच्या नालासारखी, आणि वाकवलेल्या जागी भेग पडते का बघायचं. पहिली वाकली, गुळगुळीत. दुसरी, गुळगुळीत. तिसरी वाकवताना हे माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी माझा दंड धरला होता. चारचौघांत ह्यांनी मला कधी हात लावला नव्हता. तिसरीही गुळगुळीत.

चौथीनं तोंड उघडलं.

फार नाही, करंगळीच्या नखाएवढं. साहेबानं भिंग लावलं, पट्टीनं मोजलं, पुन्हा मोजलं. त्याला ती भेग कमी भरावी असं वाटत होतं, हे मी शपथेवर सांगेन. मग म्हणाला, "उस्ताद, पहिल्या तीन पट्ट्यांसारखं काम मी वर्षभरात बघितलं नाही. पण चौथी मला गिळता येत नाही."

"बराबर हाय, साहेब."

"तीन महिन्यांनी परत या. येताना डोळ्यांच्या डॉक्टरचा दाखला आणा." म्हणजे त्याला कळलं होतं.

तेवढ्यात हे पुढं झाले. "साहेब, तो जयसिंगपूरचा सांधा..."

उस्तादांनी मान न वळवता म्हटलं, "कृष्णात, मशीन बंद कर."

ह्यांनी मशीन बंद केली. पंखा भिंतीपलीकडं चालूच होता.

डोळ्यांच्या डॉक्टरकडं आम्ही गेलो, राजारामपुरीतच. त्यानं बॅटरी लावून बघितलं आणि म्हणाला, मोतीबिंदू आहे, पण कच्चा आहे. पिकल्याशिवाय काढता येत नाही. वर्ष लागेल, कदाचित दीड. तोवर दाखला? तो कसा देणार, दिसत नाही तर! म्हणजे काम करायला दिसत नव्हतं आणि ऑपरेशन करायला जास्त दिसत होतं. उस्ताद बाहेर येऊन मला म्हणाले, "शालन, आंबं आढीत घालतात तसं डोळं घालता येत न्हाईत व्हय गं?" मला हसूही येईना.

मग सरकारी पत्र आलं. आमच्यात मला त्यातल्या त्यात वाचायला यायचं, तिसरीपर्यंतचं. उस्ताद, बिबीजान आणि मी. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. 'सदर इसमाची कार्यक्षमता पूर्ववत असल्याबद्दल खात्री पटत नसल्याने प्रमाणपत्राचे नूतनीकरण करण्यात येत नाही.'

"पूर्ववत म्हंजे?" उस्तादांनी विचारलं.

"पयल्यासारखी," मी म्हटलं.

"बराबर लिवलंय."

बिबीजान मात्र भडकली. "काय बराबर? सात आठवडे माझं करून कामावर जात होता माणूस. झोप न्हाई, पोटाला न्हाई, तरी येक दिस खाडा न्हाई. त्यात येक सांधा गळला, तर येवढं?" मी पत्राची घडी घालत राहिले. सरकारी कागदाची घडी घालायला एवढा वेळ लागत नाही.

वर्कशॉपचा शेठ माणूस बरा होता. त्यानं उस्तादांना घरी बसवलं नाही, सामानाच्या खोलीवर ठेवलं. सळ्या मोजून द्यायच्या, लिहून घ्यायला दुसरा माणूस. दीड वर्षानं मोतीबिंदू पिकला, ऑपरेशन झालं, जाड भिंगाचा चष्मा आला. पण तोवर हाताची सवय मोडली होती. एकदा त्यांनी सळी लावून बघितली, म्हणे. भिंगातनं सगळं मोठं आणि लांब दिसतं, सळी लावायची एकीकडं आणि लागते दुसरीकडं. पुन्हा लावली नाही.

हे पुढच्या साली परीक्षेला बसले. चारी पट्ट्या गुळगुळीत. नवा नंबर मिळाला. मी पेढे आणले, ते शेजारी नेऊन दिले, आणि घरी येऊन आम्ही दोघांनी एक-एक खाल्ला, जणू औषध. दर दोन वर्षांनी ह्यांची वही साहेबापुढं जायची आणि शिक्का पडून परत यायची. तो दिवस आला की हे सकाळपासून कुणाशी बोलायचे नाहीत. माझ्याशी तर नाहीच. चारच्या यष्टीचं नाव त्यांनी जन्मात कधी काढलं नाही, पण त्या दिवशी बारसं झालेली माझ्या भावाची पोरगी घरी आली, की तिचं कौतुक मात्र जरा जास्तच करायचे. मला समजवायला, की मला टोचायला, ते मी कधी विचारलं नाही.

उस्ताद ब्याऐंशी साली गेले. तो सांधा कुणाचा ते बिबीजानला सांगायचं तर त्यांनीच सांगितलं असतं आणि त्यांनी सांगितलं नाही, म्हणून आम्हांलाही सांगता आलं नाही. चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारची बिबीजान आमच्याकडं येऊन बसली. ह्यांचं नाव निघालं. पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "शालन, परीक्षेच्या दिशी तुज्या मालकानं किती तळमळ केली गं. आकाराम सांगत हुता. सख्खा भाऊ करणार न्हाई. तुमचं उपकार मी कुठं फेडू?"

मी तिच्याकडं बघितलं. तोंडाशी आलं होतं, अगदी दातांपाशी. सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिला काय वाटलं असतं?

मी म्हटलं, "चहा टाकू का गं?"

"टाक," ती म्हणाली, "आलं जास्त घाल."